फोटोत फक्त खोल्या

प्रिय मृणाल,

तू फ्लॅट विकायला फोटो मागितलेस आणि मी टाळाटाळ करत राहिलो, म्हणून रागावली असशील. आळस नव्हता गं. मोबाइलवर हॉलचा फोटो काढला की एकतर खिडकीबाहेरचा कडुलिंब दिसे आणि खोलीत अंधार, नाहीतर खोली दिसे आणि खिडकीत नुसता पांढरा भगभगाट. असले फोटो पाहून नोएडात कोण घर घेणार? मग तू ठेवून गेलेला कॅमेरा काढला आणि या वयात व्हिडिओ बघून एचडीआर नावाची फोटोची युक्ती शिकायला बसलो.

कॅमेरा स्टँडवर घट्ट बसवायचा आणि एकाच जागेचे तीन फोटो काढायचे, एक काळपट, एक बरा, एक भरपूर उजेडाचा. लॅपटॉपवर तिन्ही एकत्र केले की बाहेरचं ऊनही राहतं आणि कपाटामागचा कोपराही दिसतो. पहिल्यांदा मी रंग इतके चढवले की आपला हॉल लग्नाचा मांडव वाटायला लागला. मग पंखा बंद करायला विसरलो, पडदा हलला आणि फोटोत एकाचे तीन पडदे झाले. रिकामी खोली भकास दिसते म्हणून शेवटी खुर्चीत मीच बसलो. नेमकी कुकरची शिट्टी झाली आणि मी गॅस बंद करायला उठलो. फोटोत अर्धामुर्धाच उमटलोय, पोटातून खुर्ची दिसतेय! तुझी आई असती तर म्हणाली असती, "घरात असून नसल्यासारखे तर तुम्ही पहिल्यापासूनच." एकटाच मोठ्यानं हसलो. नंतर फार एकटं वाटलं.

ब्रोकरला तो फोटो दाखवला तर म्हणाला, "अंकल, कमरे दिखने चाहिए, आप नहीं." त्याचंही बरोबर आहे. सोबतच्या फोटोंत फक्त खोल्या आहेत. स्वयंपाकघराचा सुरेख आलाय, तो आधी बघ.

हे फोटो पाहून एक जोडपं येऊन गेलं. त्यांना घर पसंत आहे, रविवारी त्यांना होकार कळवायचाय. फोनवर आपण कागदपत्रं, सामान, सगळं बोललो. सोफा कुणाला द्यायचा तेही तू सांगितलंस. मी कुठे राहायचं, ते मात्र तू बोलली नाहीस आणि मीही विचारलं नाही. विचारल्यावर तू गप्प झाली असतीस, तर मला ते सोसलं नसतं. म्हणून लिहून विचारतोय. बाळा, मी पुण्याला तुझ्याकडे येऊ का?

तुझाच,
बाबा