एलोइसाबाईंच्या फोटोला हार

ती. आईस,
इथनंच तुझ्या पायावर डोकं ठेवतो. मी बरा हाय. गुडघा कसा हाय? गोळ्या घेतीस न्हवं?

नेब्रास्काच्या ह्या गावात कागलसारखाच साखर कारखाना हाय, पण बिटाचा. रविवारी बोलायला कोण नसतं, म्हणून इथलं लहान संग्रहालय बघायला गेलतो. सत्तर वर्षांमागं इथल्या मेक्सिकन मजूर बायकांनी लांब दांड्याच्या खुरप्यासाठी संप केलता. दिवसभर वाकून त्यांच्या कमरा गेलत्या. त्यांची पुढारी एलोइसा. भिंतीवरचा तिचा फोटो बघून मला तुझं वाकून तण काढणं, भांगलणं आठवलं. पुढच्या रविवारी फुलं ओवून फोटोला हार घातला, हात जोडले.

तिथली बाई म्हणाली, "अहो, ती जिती हाय की!"

लाज वाटली. वृद्धाश्रमात जाऊन माफी मागितली. चौऱ्याण्णव वर्षांची म्हातारी खदाखदा हसली. म्हणाली, "सगळ्यांनी मला भिंतीवर टांगलं. भेटायला तूच आलास."

आई, परवा व्हिडिओत दिसलं. हार घातलेल्या आप्पांच्या फोटोशेजारी माझा फोटो लावलायस. सहा वर्षं आलो न्हाय, कबूल. पण तेवढा उतरव.

तुझा जिताजागता लेक,
धैर्यशील