माझ्या वतीने

सोमवार, ३ जून

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी माझ्या खोलीचं दार न वाजवता उघडण्यात आलं. इथली पहिली तक्रार म्हणून नोंदवून ठेवते. बाकी सगळं झकास आहे. खोली दुसऱ्या मजल्यावर, खिडकी मोठी, पलंग करकरत नाही. खुब्याचं हाड जुळेपर्यंत या नर्सिंग होममध्ये राहायचं आहे आणि मी मजेत राहणार आहे. टेलिफोन खात्यात खोलीभर ऑपरेटर मुलींना सरळ केलं, तिथे इथल्या चार नर्सना वळण लावणं अवघड जाऊ नये.

दार उघडणारी बाई म्हणजे माझी सोबतीण. इथली पद्धतच आहे म्हणे, प्रत्येक रुग्णामागे एक. उद्या रुग्णाची शुद्ध हरपली, वाचा गेली, तर उपचारांचा निर्णय सोबतिणीने त्याच्या वतीने घ्यायचा, आणि तोही त्याने स्वतः घेतला असता अगदी तसाच. त्यासाठी तिने आत्तापासून माझ्याजवळ बसून मला शिकून घ्यायचं. मोठ्या डॉक्टरांनी हे फार आस्थेने समजावलं. रुग्णाची इच्छा सर्वांत वर, नातेवाइकांची नाही आणि डॉक्टरांची तर नाहीच. कल्पना मला पसंत पडली. माझे नातेवाईक म्हणजे एक भाचा, तोही लांब, दर रविवारी फोनवर भेटणारा. मला चहात साखर लागते की नाही हेसुद्धा त्याला ठाऊक नसेल.

बाई चाळिशीची. चेहरा पाटीसारखा कोरा. हात मांडीवर ठेवून बसते आणि पापणीही न लववता ऐकते. सारखी मागे मागे असते म्हणून मी तिचं नाव शेपटी ठेवलं. हसली नाही.

रविवार, ९ जून

शेपटी ऐकते मात्र उत्तम. तुला काय वाटतं, असं मला कुणी विचारून किती वर्षं झाली असतील! हिने आठवडाभर दुसरं काही विचारलंच नाही. कोणता रंग डोळ्यांत खुपतो, कुणाचा राग अजून गेला नाही, लग्न का केलं नाही, मरणाची भीती वाटते का. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आमच्याकडून घोकून घ्यायच्या, तशी मी हिच्याकडून स्वतःला घोकून घेते. चुकली की दटावते. माझ्या वतीने बोलायचं तर वाक्य असं ढिसाळ सोडायचं नाही, म्हटलं. दुसऱ्या दिवशी वाक्य चाबकासारखं आलं. मी टाळ्या वाजवल्या.

नळ्यांचंही सांगून टाकलं. नाकातोंडात नळ्या खुपसून मला जगवायचं नाही. कुंडीतल्या झाडासारखं पाणी घालत बसायचं नाही. वेळ आली की सरळ जाऊ द्यायचं. बोलताना मी स्वतःलाच फार बाणेदार वाटले.

एकच गोष्ट खटकली. शेजारच्या खोलीतल्या आजोबांचा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेला, म्हणून त्यांना मी घड्याळजी म्हणते. जेवणघरात मला चाकांच्या खुर्चीतून नेतात, तिथे ते एक अक्षर बोलत नाहीत. मीठ हवं का विचारलं, तर त्यांचा सोबती उत्तर देतो. ते नुसते माझ्याकडे बघत राहतात. इतकं लाडावून घेऊ नये माणसाने.

बुधवार, १९ जून

खोकला झालाय, घसा बसलाय. नर्स गोळी घेऊन आली आणि पाणी कोमट हवं की गार, हे तिने शेपटीला विचारलं. मी ढळढळीत समोर असताना! पलंगावर मी आहे, ती नाही, असं मी कसंबसं खाकरून सुनावलं. नर्स शेपटीकडे बघून हसली, आज पारा चढलेला दिसतोय म्हणाली. त्यावर शेपटी म्हणाली की घसा दुखत असला की मी अशीच वसकन अंगावर जाते.

मी जाते, असं म्हणाली ती.

सोमवार, २४ जून

काल भाच्याचा फोन आला नाही, म्हणून आज मीच केला. कोण बोलतंय, म्हणून विचारलं त्याने. मावशी, म्हटलं. तो गोंधळला. म्हणाला, मावशीशी काल बोललो की, किती दिवसांनी खळखळून हसली बिचारी, तुम्ही कोण? माझ्या फाटक्या आवाजात मी त्याला त्याचं लहानपण सांगायला लागले, तर म्हणाला, हो, हे सगळं तिने कालच सांगितलं. अहो, जरा मावशीला फोन देता का?

माझा भाचा मला अहो म्हणाला. किती नम्रपणे म्हणाला.

गुरुवार, २७ जून

घड्याळजी गेले. कुणी सांगितलं नाही, नेताना मी खिडकीतून पाहिलं. आज जेवणघरात त्यांच्या खुर्चीवर त्यांचा सोबती होता. अंगात त्यांचाच कोट. वाढणारी बाई त्याला आजोबा म्हणाली आणि त्याने मान डोलावली, त्यांच्यासारखीच, सावकाश. नर्सला विचारलं, तर तिलाच माझं नवल वाटलं. माणूस गेला म्हणून काय त्याच्या इच्छा पाळायच्या नाहीत, म्हणाली.

मग मी एकेक टेबल नीट पाहिलं. कुणी खोकत नव्हतं. कुणाचा हात थरथरत नव्हता. सगळे व्यवस्थित जेवत होते. या नर्सिंग होममध्ये आजारी माणूस मी एकटीच आहे.

सोमवार, १ जुलै

ताप. छातीत पाणी झालंय. डॉक्टर म्हणाले, नळी घालून काढलं तर बरी होईन, नाहीतर काही दिवस. मी म्हटलं, घाला. असतील नसतील तेवढ्या नळ्या घाला. मला जगायचंय. डॉक्टरांनी शेपटीकडे पाहिलं. ती माझ्या आवाजात, जो आता माझ्याकडे नाही त्या आवाजात, म्हणाली की कुंडीतल्या झाडासारखं पाणी घालत बसू नका.

डॉक्टरांचे डोळे पाणावले. मी पलंगावर हात आपटला. ते मायेने म्हणाले, हा ताप बोलतोय, ही भीती बोलतेय. शांत डोक्याने ठरवलं तेच माणसाचं खरं मत. मी विचारलं, स्वायत्तता माझी, की माझ्या गेल्या महिन्यातल्या फुशारकीची? वाक्य त्यांना फार आवडलं. किती छान बोललात, म्हणाले.

तिला म्हणाले.

मंगळवार, २ जुलै

गोळ्या बंद. पाणी तिच्या बाजूला ठेवतात, माझा हात पोचत नाही. नर्स तिचा खुबा शेकते — मला दिसतंय — ती कळवळते, बरोबर माझ्याच जागी —

तिला सांगितलं. मत बदललं माझं. माणसाचं मत बदलतं, बाई. विनवलं तिला, मी, जन्मात कुणाला — म्हणाली, मी शब्द फिरवणाऱ्यांतली नाही. तू मला ओळखत नाहीस.

बुधवार, ३ जुलै

व्यवस्थापकांस. पान फाडून दाराखालून सरकवणार आहे. ज्याला मिळेल त्याने पोचवावं.

मी जिवंत आहे. उपचार मला हवे आहेत. हे मी आज म्हणते आहे, आणि आजची मी तीच खरी. छातीतलं पाणी काढणार की नाही याचं लेखी उत्तर शुक्रवार, ५ जुलै, दुपारी चारच्या आत पाहिजे. तोंडी चालणार नाही. उत्तर माझ्या हातात द्यायचं. तिच्या नाही. आमच्यात मी कोणती हे कळत नसेल तर असं काहीतरी विचारा, जे मी तिला सांगितलं नाही. तसं एक आहे. एकच उरलंय. ते इथे लिहीत नाही, कारण मी लिहिते तेव्हा तिचे ओठ तेच शब्द —