दिव्या लागण्याआधीची फाइल

४ ऑक्टोबर १९९९, सोमवार
सावंतवाडीहून सकाळच्या एसटीने मालवणात आले आणि मच्छीमार सोसायटीत कॉम्प्युटरवर रुजू झाले. खिडकीतून होड्या दिसतात. दारात मासे विकणाऱ्या काशीबाईंनी पहिल्याच दिवशी दोन बांगडे दिले, पैसे घेतले नाहीत. वर्षभरापूर्वी इथे नोकरीला लागलेल्या दिव्या नावाच्या मुलीने काम समजावलं. इथे लाइट इतकी जाते-येते की डेटा बिघडतो. म्हणून शनिवारी फायली फ्लॉपीवर घ्यायच्या आणि सोमवारी तिच्यावरून परत चढवायच्या. सगळं एका फ्लॉपीवर मावत नाही; काय घ्यायचं, काय गाळायचं ते मी ठरवायचं. दिव्या छान शिकवते. जरा जास्तच छान.

९ ऑक्टोबर, शनिवार
जागा पुरेना. बंद पडलेल्या होड्यांची फाइल गाळली, कोण बघतंय. सेक्रेटरी नाना दिवसभर दिव्याचं कौतुक करत होते. तिचं काम, तिचं अक्षर, तिची सोलकढीसुद्धा.

११ ऑक्टोबर, सोमवार
डेटा चढवला. दुपारी पाहिलं तर किनाऱ्यावर उपडी पडलेली, बाबली नावाच्या मच्छीमाराची जुनी होडी नाही. वाळूत खूणही नाही. बाबलीला विचारलं तर म्हणाला, "माझी होडी खंयची गो? माका कधी होडी नव्हतीच." थट्टा करत नव्हता. ती फक्त मलाच आठवते. म्हणजे जे फ्लॉपीवर नाही ते इथे—

१६ ऑक्टोबर, शनिवार
कायम नोकरीची एकच जागा आहे. ती दिव्याला मिळाली. पेढे घेऊन ती आधी माझ्याकडेच आली, तेव्हा तर मी नखशिखांत जळले. कर्मचाऱ्यांची फाइल नुसती गाळली असती तर नानाही गेले असते. म्हणून कपाटातली जुनी फ्लॉपी शोधली, दिव्या लागण्याआधीची. आजच्या फाइलीच्या जागी तिच्यातली घेतली. आजची पुसून टाकली.

१८ ऑक्टोबर, सोमवार
दिव्याची खुर्चीच नाही. नानांनी विचारलं, कोण दिव्या? कायमची जागा मोकळी आहे म्हणाले. खोलीवर येऊन पोटभर जेवले.

१९ ऑक्टोबर
काशीबाई म्हणाल्या, "तू कोणाचा चेडू गो?" कोणाची मुलगी, हे मलाच विचारतात! मी हसले. त्या हसल्या नाहीत.

२० ऑक्टोबर
हजेरीपटात माझं नाव नाही. नानांनी शिपायाला झापलं, बाहेरची माणसं आत सोडतोस म्हणून. बाहेरची— मी—

२१ ऑक्टोबर
आईला फोन केला. ती विचारत राहिली, कोण बोलतंय. मग ठेवला तिने.

त्या फाइलीत दिव्या नाही, एवढंच मी बघितलं. मी तर दिव्याच्याही नंतर लागले. मग त्या फाइलीत मी तरी कुठे—