कार्तिकीनंतरही हॉलमध्ये

बाबा, हल्ली मी तुमच्या जागेवर झोपतो. वाशीचा तोच फ्लॅट, तोच हॉल, बाल्कनीच्या दाराकडे डोकं. फरशा मध्यंतरी बदलल्या, तरी उशाखालची तेवढी गार लागते. बाकीच्यांना मी हात लावून पाहिलाय. तुम्ही ज्याच्याकडून अमरकोश घोकून घेतलात, त्याने असलं काही लिहू नये, पण दुसऱ्या कोणाला लिहिणार?

तुम्ही चातुर्मासाचा नेम धरलात तेव्हा मी कॉलेजात होतो. जमिनीवर अंथरूण, ब्रह्मचर्य, कांदा-वांगं वर्ज्य. आईने कौतुकाने नवी चटई आणली. कार्तिकीला नेम सुटला, कांदा ताटात परत आला, तुम्ही मात्र आत झोपायला गेला नाहीत. भजी खाणारा विरक्त मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. खालच्या मजल्यावरचे काका तर तुमच्या पाया पडू लागले होते, आणि तुम्ही पडू देत होतात. माघात एका दुपारी पावणे एमआयडीसीतल्या तुमच्या कारखान्यात, बॉयलरची शिडी चढता चढता तुम्ही खाली बसलात ते उठलाच नाहीत. पुण्यवान माणूस, सहज सुटला, असं लोक म्हणाले. आईने चटई टाकून दिल्याचं सांगितलं.

पन्नाशी उलटली आणि माझंही तेच झालं. काय, ते तुम्हाला सांगायला नको. आयुर्वेदाने या विषयाला आख्खं एक अंग दिलं, वर वाजीकरण असं घोड्याचं नाव दिलं; आपल्या घरात त्याला साधा शब्द नव्हता. मी काही महिने ऑफिस, दमणूक, पाठ अशी कारणं दिली. ती संपेपर्यंत आषाढी आली, आणि मी नेम जाहीर केला. बायको मेथी निवडत होती. "तुम्ही? श्रावणात ऑम्लेट चुकत नाही तुमचं," एवढंच म्हणाली. मग तिने माळ्यावर हात घालून एक चटई काढून दिली. ती तुमची होती. काठाला आईने घातलेले टाके ओळखू येत होते.

आई आता ऐंशीच्या पुढे आहे. कधी मला ओळखते, कधी नाही. भाद्रपदात एका सकाळी उजाडल्यावर जाग आली, तर ती उशाशी खुर्चीत बसलेली. केस विंचरलेले, पदर नीट, डोळे माझ्यावर. किती वेळ बसली होती कोण जाणे.

"अहो," ती म्हणाली, "कार्तिकी होऊन गेली. आता आत या."

मी म्हटलं, आई, मी आहे. तिने ऐकलंच नाही.

"मला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला? मला त्याचं काही नाही हो. पण जिन्यात थांबता, छातीवर हात धरता. एकदा डॉक्टरांना सगळं सांगा ना."

मुलाने ऐकायचं हे बोलणं नव्हतं, म्हणून मी तुमच्यासारखाच गप्प पडून राहिलो. आणि मग आठवलं. आदल्या दिवशी लिफ्ट बंद होती. तिसऱ्या मजल्यावर मी कठडा धरून थांबलो होतो, दुसरा हात छातीवर. जिन्यात कोणी नव्हतं. आई तर घराबाहेर पडतच नाही. ती तुमच्याबद्दल बोलत होती की माझ्याबद्दल, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्याच आठवड्यात गेलो. डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची. मी नेमाचं सांगायला लागलो, तर म्हणाली, "काका, नेम राहू दे. होत नाही की करत नाही?" इतकी सरळ प्रश्नपत्रिका मला कोणी दिली नव्हती. होत नाही म्हटल्यावर तिने तुमचं वय विचारलं, जातानाचं. मग समजावलं, की दरवेळी असंच असतं असं नाही, पण तिथल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांहून बारीक, म्हणून बिघाड पुष्कळदा आधी तिथे दिसतो, छातीच्या कितीतरी आधी. मला कारखान्यात उभे असलेले तुम्ही दिसलात. क्षार आधी बारीक नळीत धरतो, ती तुंबली की मोठी उघडून बघायची, हे तुम्ही मला शिकवलं होतं. बॉयलरबद्दल.

ट्रेडमिलवर चालवलं, ते काही बरं निघालं नाही. सोमवारी अँजिओग्राफी आहे. बायकोला सगळं सांगितलं. ती बराच वेळ गॅस पुसत राहिली. मग म्हणाली, "मला वाटलं, मी नकोशी झाले." आईलाही तेव्हा असंच वाटलं असेल का, हे तुम्हाला विचारायचं होतं.

हे पत्र कुठे टाकायचं ते माहीत नाही, तेव्हा राहीलच. एक मात्र कबूल करतो. आज सकाळी आईने परत अहो म्हणून हाक मारली, डॉक्टरांकडे गेलात का म्हणून विचारलं. मी म्हणालो, "हो, जाऊन आलो. सगळं सांगितलं." ती हसली आणि पडायला गेली. बाबा, तुम्ही तेव्हा डॉक्टरांकडे गेला नव्हतात. पण तिच्या लेखी आता गेलात.