एका दिव्याचे तीन दिवे

प्रिय स्वरूप,

अजिंक्य शुक्रवारी निघतोय. तो तुझ्याच जहाजावर चढणार म्हटल्यावर आईंनी फणसपोळी, आंबोशी आणि कुळथाचं पीठ बांधून दिलंय. पिठाच्या पिशवीखाली हे पत्र मिळेल. फोनवर का बोलले नाही म्हणशील, तर आपल्या घरी तुझा फोन कसा येतो ते आठव. टीपॉयवर ठेवायचा, स्पीकर लावायचा, आईंचं होतं, मनूचं होतं, शेजारच्या काकूंचं होतं आणि शेवटी मी म्हणते, ‘मी बरी आहे.’ मेसेज केला तर तुझं उत्तर ठरलेलं. ‘मनूचं लग्न जमू दे गं, मग सांगू.’

लग्नाआधी आरे-वारेच्या किनाऱ्यावर मी तुला सगळं सांगितलं होतं. बुबुळावरचा पारदर्शक पडदा पातळ होऊन पुढे टोक काढून आलाय, चष्म्याने भागत नाही, म्हणून कडक लेन्स लावते. तू विचारलंस, मऊ मिळतात ना, कडक कशाला? मी म्हटलं, मऊ लेन्स डोळ्याचाच आकार घेते, उंचवट्यावर उंचवटा. कडक लेन्स आपला आकार सोडत नाही. तिच्याखाली अश्रू भरतात, खालीवर झालेलं सारखं होतं आणि एका दिव्याचे तीन दिसणारे दिवे पुन्हा एक होतात. तू मन लावून ऐकलंस आणि म्हणालास, ‘आईला आत्ताच नको. अनिलदादाचं स्थळ तिने मुलीच्या डोळ्यावरून मोडलं होतं.’ मग घरी सांगितलं गेलं, मुलीला चष्मा नाही. तेवढं खरंच होतं.

या खरेपणात मी कशी अडकलेय ते तुला तिथून कळणार नाही. लेन्स लावल्यावर या घरात माझ्याइतकं स्वच्छ कुणालाच दिसत नाही. म्हणून सुईत दोरा मी ओवायचा, तांदळातले खडे मी काढायचे, मिरकरवाड्याला मासळी मी बघून घ्यायची. आई आल्यागेल्याला सांगतात, ‘आमच्या सानिकाच्या नजरेतून बारीक काटासुद्धा सुटायचा नाही हो.’ हे कौतुक संपेपर्यंत लेन्स काढता येत नाहीत. आई उठायच्या आत लावायच्या आणि सगळे आडवे होईपर्यंत ठेवायच्या. शाळेतून स्कूटीवर येताना रस्त्याच्या कामाची तांबडी धूळ डोळ्यांत जाते. लेन्सखाली कण गेला की सुई खुपसल्यासारखं होतं, पण दारात आई उभ्या असतात, तेव्हा हसत आत यायचं. एकदा न्हाणीघरात लेन्स निसटली. मी गुडघ्यावर बसून फरशी चाचपत होते आणि बाहेरून आई, ‘अगो, आत झोपलीस की काय? आमटी निवली.’ लेन्स बादलीच्या कडेला चिकटलेली सापडली तेव्हा मला मोकळेपणी रडतासुद्धा येईना. डोळे लाल दिसले असते.

कोल्हापूरचे डॉक्टर रागावले. पडदा घासला गेलाय, काही दिवस लेन्स पूर्ण बंद, नाहीतर कायमचा व्रण राहील. मी हो म्हणून आले आणि दुसऱ्या दिवशी लावल्याच. लेन्सशिवाय मी या घरात गॅस पेटला की नाही ते कसं बघणार होते? तुला तेही लिहिलं होतं. तू अंगठा पाठवलास आणि खाली, ‘खेडचे लोक मनूला बघून जाऊ देत.’

माझ्यापुरतं असतं तर मी आणखीही ओढलं असतं. पण गेल्या रविवारी मनू आणि मी मांडवीला गेलो होतो. दिवे लागत होते. भेळ खाताखाता ती चष्मा वर सरकवून मनगटाने डोळे चोळत होती. हल्ली सारखीच चोळते. वर्षभरात तिचा नंबर किती वेळा बदलला ते तुलाही ठाऊक आहे. दुकानदाराला नावं ठेवून आपण गप्प बसलो. मध्येच ती म्हणाली, ‘वहिनी, तो जेट्टीवरचा दिवा तुलाही तीन तीन दिसतो ना?’

तिला वाटतं, सगळ्यांनाच तसं दिसतं. तिच्या वयाची असताना मलाही वाटायचं.

 अगदी सुरुवातीला कळलं तर औषधाचे थेंब घालून, प्रकाश देऊन पडदा घट्ट करतात. बिघडलेलं सहसा नीट होत नाही, पण पुढचं बरंचसं थांबतं. माझ्या वेळी कुणाला कळलं नाही. आणि आई तिला बजावत होत्या, ‘खेडवाले येतील तेव्हा चष्मा काढून बस, चार पावलं चालायला काय लागतंय?’ तिचं जमेपर्यंत थांबायचं म्हणजे तिचेच डोळे जाताना बघत थांबायचं. आणि तिला काय झालंय ते मला कसं कळलं, हे सांगितल्याशिवाय कुणी माझं ऐकणार नव्हतं.

म्हणून काल दुपारी आई बांगडे साफ करत होत्या तेव्हा त्यांच्यासमोर बसले. डोळ्याची कड कानाकडे ओढली, पापणी मिटली, लेन्स तळहातावर पडली. मग दुसरी. आईंचा चेहरा मला दिसेनासा झाला, त्यामुळे बोलणं सोपं गेलं. माझं सांगितलं, मग मनूचं. आईंनी नळ बंद केल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, ‘म्हणजे एवढे दिवस आम्हाला फसवलंत.’ मी हो म्हटलं. ‘दुखतं?’ हो म्हटलं. ‘मग डब्यात घाल त्या. आणि उठू नकोस, सुरी खाली पडलीय.’ खेडला त्यांनी संध्याकाळी स्वतः फोन केला, मुलीचे डोळे दाखवायचेत, नंतर बघू. माझ्याशी अजून नीट बोलत नाहीत, पण सोमवारी मनूला घेऊन कोल्हापूरला जाताना बरोबर येणार आहेत.

हे पत्र मी लेन्सशिवाय, कागद नाकाला लावून लिहितेय. ओळी एकमेकींवर चढल्या असतील तर सांभाळून घे. लिहायचं कारण एवढंच, की रात्री आईंनी विचारलं, ‘स्वरूपला ठाऊक होतं?’ मी म्हटलं, ‘त्यालाच विचारा.’ पुढच्या बंदरातून तू फोन करशील तेव्हा त्या विचारतील. तुला तयारीला वेळ मिळावा म्हणून आधी कळवतेय. फोन टीपॉयवरच असेल, आणि या वेळी स्पीकर मी लावणार आहे.

उत्तराची वाट बघणारी, तुझीच
सानिका