दुसऱ्या मालिशीचे पैसे

३ फेब्रुवारी
खोलीत आलेलं — टॉवेल दोन, फुकट. साबणाच्या वड्या दोन, फुकट (एक पेटीत टाकली). पाण्याच्या बाटल्या दोन — फुकट समजून उघडल्या, बिल आलं ४०! वन्सं पोट धरून हसल्या. "वहिनी, समुद्रावर पाणीच महाग!" त्यांच्या निवृत्तीला ऑफिसनं बोटीच्या सफरीचं दोघांचं तिकीट दिलं, दुसरं माणूस मी. "तुझ्या पाठीला जरा आराम," म्हणाल्या. पाठ माझी खरी, पण तिच्यावर उठतं-बसतं दुसरंच माणूस.

४ फेब्रुवारी
ह्यांचे पाय गेल्यापासून पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून पलंगावर — मीच. मागच्या महिन्यात न्हाणीघरात कमरेत कळ आली आणि हे हातातून निसटले. कपाळाला खोक पडली. मुलगा ओरडला नाही, तेच वाईट. म्हणाला, "आई, तू जाऊन ये. पाठ सुधारली तर ठीक. नाहीतर बाबांना आजाऱ्यांना सांभाळणाऱ्या संस्थेत ठेवू. जागेचं बोलून ठेवलंय."
मॅट्रिकच्या वेळीही एवढी धास्ती नव्हती.

५ फेब्रुवारी
परवा बोट लागेल त्या किनाऱ्यावर मालिश करणाऱ्या बायका बसतात म्हणे. शेजारच्या खोलीतली बाई म्हणाली, "हात नव्हेत हो, जादू आहे!" जादूचा दर ६००. एवढ्यात घरी मलमाच्या किती बाटल्या येतील! पण मलम तरी कुठं लागू पडलं? आणि उघड्यावर, परक्या बाईपुढं पाठ उघडी टाकायची? जपाला बसले तर ओठांवर नाम आणि डोक्यात सहाशे, सहाशे.

६ फेब्रुवारी
नाही. ठरलं. नाही म्हणजे नाही.

७ फेब्रुवारी
केली! झाडाखाली चटई, भोवती चादरीचा आडोसा. मालिशवालीनं अंगठा टेकवला तो नेमका दुखऱ्या जागी. मी देवाचं नाव घेतलं ते भक्तीनं नव्हे, किंचाळायच्या ऐवजी! उठले तर कंबर हलकी. वाळूनं भरलेली बादली उचलून पाहिली — उचलली!! तिथंच घासाघीस करून दोन मालिशींचे मिळून ९०० ठरवले, पैसे आगाऊ दिले. दुसरी मागाहून. तीनशे वाचले.

त्याच दिवशी, बोटीवर
वन्संना सांगितलं. "अगं वहिनी, मागाहून म्हणजे कधी? बोट काय परत याच किनाऱ्याला लागणारे? आपण इथून पुढं, तिथून आणखी पुढं!"
मला वाटलेलं, जाते त्याच वाटेनं परत येते. बाजाराच्या बससारखी.
"कप्तानाला सांगू का, आमच्या वहिनीची एक मालिश राहिलीय?" म्हणाल्या. मला हसू आलं नाही. खिडकीतून किनारा लहान होत गेला आणि कळ परत आली. जिथं होती तिथंच.

८ फेब्रुवारी
दुपारी वन्सं पलंगावर आडव्या झाल्या. "चल, मला उचल. दादापेक्षा मी हलकी आहे." पाय अगदी ह्यांच्यासारखे सोडून दिले. मी काखेत हात घातले, सवयीनं म्हणाले, "गळ्याला धरा." अर्ध्यावर आणलं — आणि डोळ्यांपुढं अंधारी. दोघी जमिनीवर!
"मोडलं का ग काही?"
"नाही. तुमचं?"
"माझं काय मोडतंय! मी तुझ्यावर पडले."
हसायला लागल्या, आणि हसता हसता रडूच फुटलं त्यांना. मी म्हणाले, परवा पुढच्या किनाऱ्यावर करीन आणखी एक. दहा करीन! पाटली विकीन, पण ह्यांना तिथं जाऊ देणार नाही.
डोळे पुसत विचारतात, "आणि दादा काय म्हणतो?"
"कशाबद्दल?"
"संस्थेबद्दल. दुसरं कशाबद्दल?"


९ फेब्रुवारी
जप झाला नाही. जेवण गेलं नाही. मुलानं मला विचारलं, डॉक्टरांना विचारलं, सुनेला विचारलं. मी देवाला विचारलं. ह्यांचे पाय गेले, तोंड तर शाबूत आहे! त्याच खोलीत, त्यांच्या उशाशी बसून आम्ही बोललो — आणि ते छताकडं बघत होते.

१० फेब्रुवारी
बोट किनाऱ्याला लागली. मालिश केली नाही. पोस्टाचं कार्ड १५, तिकीट २०. ह्यांना लिहिलं ते इथं उतरवते —
"पाठ सुधारली नाही, सुधारेल असं वाटतही नाही. मी तुम्हाला पुन्हा पाडीन. माझ्याच्यानं आता उचलवत नाही, हे मुलाच्या आधी तुम्हाला सांगते. तुमच्या मनात काय आहे? मला बरं वाटावं म्हणून गोड लिहू नका. मुलाकडून लिहून घेऊ नका, तुमच्याच अक्षरात लिहा. शेवटच्या बंदराचा पत्ता मागं दिलाय. उलट टपाली कळवा."