अडसरचा भाऊ

मी, खाली सही करणारा, वय बहात्तर, धंदा कुलूप-किल्ली दुरुस्ती, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. तसा दाखला माझ्या ओळखीच्या दातांच्या डॉक्टरांनी दिला आहे. दातांच्या डॉक्टरांना डोक्यातलं काय कळतं, असं जावई विचारणारच, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांचाही जोडला आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. याआधीची चारही मृत्युपत्रं रद्द समजावीत. ती मी दर वेळी कोणाचा तरी संशय आल्यामुळे बदलली. हे पाचवं का लिहावं लागलं ते कलम चारमध्ये येईल. मधली कलमं गाळून तिथे उडी मारू नये.

कलम १. राहतं घर माझ्या लेकीला, तिच्या एकटीच्या नावावर. मागच्या महिन्यात जावई टेप घेऊन आले आणि पडद्यांसाठी म्हणून मापं घेऊन गेले. जिन्याला पडदे लावलेले मी आजवर पाहिले नाहीत. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. जावयांना माझी लोखंडी टेप द्यावी, त्यांची फार पुढे गेल्यावर वाकते.

कलम २. बँकेत जी काही शिल्लक असेल तीही लेकीला. गादी उसवू नये, फरशा उचकटू नयेत, माळ्यावर चढू नये. तिथे काही नाही. असतं तर मी इथे लिहिलं नसतं.

कलम ३. माझी शिडी नऊ वर्षं शेजाऱ्यांकडे आहे. ती आधी परत आणावी. मग हवी तर त्यांनाच द्यावी, पण माझी म्हणून.

कलम ४. हे कलम लांब आहे.

ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत दर शनिवारी दुपारी चार-पाच जण जमून एक खेळ खेळतात. राक्षस, किल्ले, जादूगार. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि फासे टाकत त्याच्या वतीने जगायचं. खेळ ग्रंथपालबाई चालवतात. मी तिथे कपाटाचं कुलूप दुरुस्त करायला गेलो होतो. बाई म्हणाल्या, "काका, आम्हाला कुलपं उघडणारा एक चोर हवाच आहे. बसता का?" मला फुकट कोणी बोलावत नाही, तेव्हा यात काहीतरी पाणी मुरतंय हे मी ओळखलं. काय ते पाहावं म्हणून बसलो.

पात्राचं नाव मी अडसर ठेवलं. मग बाईंनी एक छापील कागद पुढे केला: पात्राचा पूर्वेतिहास. जन्म कुठला? घरी कोण? कोणावर राग आहे? काय लपवलं आहे आणि कुठे? असे प्रश्न आजवर मला फक्त पोलिसांनी विचारले होते. ही बाई कोणाच्या सांगण्यावरून खडा टाकून पाहते आहे, याचा मी दोन दिवस विचार केला.

त्यात शेजारी बसणाऱ्या दातांच्या डॉक्टरांनी कानात सांगितलं, "घरचं कोणी लिहू नका हं. ज्याचं नाव लिहाल त्याला ह्या बाई तिसऱ्या शनिवारच्या आत पळवून नेतात. मी हौसेने मावशी लिहिली. दोन महिने झाले, मावशी गुहेत आहे." तिथे सगळ्यांनीच अनाथ पात्रं घेतली होती, त्याचं कारण हे. मीही लिहून दिलं: आईबाप नाहीत, भावंडं नाहीत, गाव जळालं, ओळखीचं कोणी नाही.

बाईंनी कागद परत केला. "काका, हा माणूस आहे की दगड? दोन पानं लिहून आणा. आणि घरी कोणीतरी असू द्या, मेलेलं चालेल."

मग मी लिहिलं. अडसर कुलपं बनवायचा, त्याला एक धाकटा भाऊ होता, भावाने दगा दिला, अडसरने त्याला हाकललं, पुढे तो पुरात वाहून गेला. पूर सोडून सगळं माझं होतं. माझा धाकटा भाऊ याच गावात, स्टेशनमागे राहतो. सव्वीस वर्षांत आम्ही बोललेलो नाही.

आमच्या धंद्यात किल्लीचा मेणात ठसा घेतात आणि नवी किल्ली घासून झाली की ठसा तिथल्या तिथे चुरगळून टाकतात. पहिल्या दिवशी शिकवतात ते हेच. सव्वीस वर्षांपूर्वी एका वकीलबाईंच्या घराची किल्ली मी केली. तिसऱ्या दिवशी त्यांच्याकडे चोरी झाली, कुलपावर ओरखडा नाही. मला आठवलं की ठसा चुरगळायचा राहिला. दुकानातला खण उघडला, ठसा नव्हता. खणाच्या किल्ल्या दोनच, एक माझी आणि एक धाकट्याची. मला आणखी पुरावा लागला नाही. त्याच दुपारी भर रस्त्यात त्याला चोर म्हणालो आणि दुकानाबाहेर काढलं.

बाईंनी माझी दोन पानं वाचली, लाल पेन हातात धरूनच. म्हणाल्या, "इथे एक भोक आहे. पहिल्या पानावर अडसर घाईत ठसा अंगरख्याच्या खिशात टाकतो आणि किल्ली पोचवायला जातो. दुसऱ्या पानावर सकाळी तो कुडकुडत दुकान उघडतो. ठसा खणात गेला कधी? आणि अंगरखा कुठे गेला?"

मी म्हणालो, सजावट म्हणून लिहिलंय. पण ते सजावट नव्हतं. हात लिहीत गेला आणि जे घडलं तेच उतरलं. कोट मी परतताना लाँड्रीत टाकला होता. चार दिवस होता तिथे, ठशासकट. खणात ठसा कधी गेलाच नव्हता. तो कोणाच्या हाती लागला असेल याबद्दल मला एक दाट संशय आहे, पण या वेळी मी तो लिहिणार नाही.

मी हाकललं त्या दुपारी धाकटा पायरीवर उभा राहून एकच वाक्य बोलला होता. "दादा, तुझा कोट कुठाय?" मला वाटलं, विषय बदलतोय चोर. मी दार लावून घेतलं.

फार वाईट वागलो मी. हे वकिली भाषेत कसं लिहितात ते मला माहीत नाही.

कलम ५. दुकान, त्यातली सगळी हत्यारं, कानशी, किल्ली पकडून धरायचा मोठा शेगडा आणि खणाच्या दोन्ही किल्ल्या धाकट्या भावाला. दुकानाच्या पाटीवर उजवीकडे पांढऱ्या रंगाचा पट्टा आहे. तो खरवडावा. खाली "आणि बंधू" निघेल.

कलम ६. या कागदाची अंमलबजावणी ग्रंथपालबाईंनी करावी. त्यांना कोणी पाठवलेलं नव्हतं, अशी चौकशीअंती माझी खात्री झाली आहे. पूर्वेतिहासाचा कागद मी दुरुस्त करून दिला आहे: अडसरला एक धाकटा भाऊ, हयात. बाई म्हणाल्या, "मी त्याला पळवणार, माहीत आहे ना?" मी म्हणालो, पळवा, मी आणायला जाईन.

कलम ७. हे सगळं धाकट्याला माझ्या मागे वकिलाकडून कळावं, असा माझा बेत होता. हा कागद ऐकून बाईंनी विचारलं, "आणि त्याने भांडायचं कोणाशी?" तेव्हा कलम ५ त्याला मी स्वतः जाऊन सांगणार आहे. उद्या रविवार आहे. कोट अजून आहे, कोपरं विरली आहेत, पण अंगात येतो. तो घालून जाईन. त्याने दार उघडलं नाही तर बाहेर पायरीवर बसेन. मला उघडणार नाही असं कुलूप त्याच्याकडे नसणार, पण मी हात लावणार नाही. आणि उघडून त्याने पुन्हा तेच विचारलं, तर या वेळी उत्तर देईन.

सही: कुलूपवाला

साक्षीदार: १. ग्रंथपालबाई २. दातांचे डॉक्टर
(दोघांनी एकमेकांसमक्ष व माझ्यासमक्ष सही केली. पेन माझं होतं, परत घेतलं.)

स्थळ: ग्रंथालयाची मागची खोली
दिनांक: १४ मार्च, शनिवार, दुपारी चार